तळातलं खमीर

बियरची बाटली हातात आली की गुंडेराव आधी ती उजेडाला धरत, मग कानाशी लावत आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत. ऐकून झालं की बाटली खाली ठेवत आणि म्हणत, "मेलीय. हा सरासर जुलूम आहे, मास्तर. विकत माल घ्यायचा आणि हातात मढं यायचं."

वाचकांचा गैरसमज होण्याआधी सांगून टाकतो, गुंडेराव पीत नव्हते. त्यांनी उभ्या जन्मात बियरचा थेंब जिभेला लावला नाही. बाटलीतली बियर ते मोरीत ओतून देत आणि तळाला राहिलेलं बोटभर पाणी तेवढं जपून ठेवत. त्यांना हवं होतं ते त्या बोटभर पाण्यात. खमीर. जिवंत खमीर. ते वाढवायचं आणि त्यावर घरच्या ज्वारीची बियर करायची, हा त्यांचा ध्यास. धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध असा हा माणूस मोरीत बियर ओतताना बघून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तुळशीपुढं हात जोडून उभ्या राहत. कुणासाठी काय मागत होत्या कुणास ठाऊक.

मी मुरुमच्या शाळेत शास्त्र शिकवायला आलो तेव्हा निजामी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी बार्शीकडचा. खोली मिळाली ती गुंडेरावांच्या भिंतीला भिंत लावून, आणि नोकरी मिळाली तीही त्यांच्याच जागेवर. माझ्याआधी शाळेत शास्त्र तेच शिकवत. पण त्यांचं सगळं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं. रसायन त्यांच्यासाठी कीमिया, सूक्ष्मदर्शक म्हणजे खुर्दबीन, प्रयोग म्हणजे तजुर्बा. शाळा मराठी झाली आणि गुंडेरावांना चित्रकलेचा वर्ग आणि कोठाराच्या किल्ल्या दिल्या. चित्रकलेत ते वर्षभर एकच चित्र काढून घेत, काचेचं नळकांडं.

पहिल्याच दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तुम्ही माझ्या जागी आलाव."

"हो. म्हणजे, मला तसं माहीत नव्हतं."

"तुमचा कसूर न्हाय. बसा." माझ्याच खोलीत त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मग अर्धा तास शिक्षण खात्यावर बोलले. एक तपासनीस साहेब आले होते म्हणे. गुंडेरावांनी वर्गात खमीर म्हटलं, तर साहेब म्हणाले, किण्व म्हणा. "मी विचारलं, साहेब, हे किण्व कुठल्या दुकानात मिळतं? तर माझ्या नावावर शेरा. आता तुम्ही सांगा, निजामाच्या राज्यात पाण्याला आब म्हणायचो, तर ते उकळत नव्हतं का?"

मी मान डोलावली. त्या मानेपायीच पुढची पाच वर्षं मी त्यांचा एकमेव श्रोता झालो.

गुंडेराव रागावले नाहीत असा विषय मला आठवत नाही. टपाल उशिरा आलं तर राग, वेळेवर आलं तर पोस्टमननं पत्र वाकवून आणलं म्हणून राग. तुरीची डाळ शिजली नाही तर ती डाळीची बदमाशी. पण सगळ्यात जास्त राग बियरच्या कंपनीवर. हैदराबादच्या बसचा एक कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. तो दोन-तीन महिन्यांनी एखादी बाटली आणून देई. गुंडेराव ती चार दिवस कोनाड्यात हलवाहलव न करता उभी ठेवत, म्हणजे काही गाळ असला तर खाली बसावा. मग बूच काढून बाटलीचं तोंड स्पिरिटच्या दिव्यावर फिरवत, वरची बियर ओतून देत, उकळून निववलेलं गुळाचं पातळ पाणी तळात घालत आणि कापसाचा बोळा लावून वाट बघत. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. पाण्यावर एक बुडबुडा येत नसे.

"गाळून घेतात," ते सांगत. "वर उकळत्या पाण्यात बाटली शेकतात. कशाला? टिकावी म्हणून. जीव काढून घेतल्यावर कोण टिकत न्हाय? दगड पण टिकतो."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उर्दूत, सहा पानी. उत्तर आलं नाही. मग मला मराठीत लिहायला लावलं. त्याचंही नाही. मग इंग्रजीत. त्यावर छापील कार्ड आलं, आपण आमच्या मालाची पसंती कळवल्याबद्दल आभारी आहोत. ते कार्ड गुंडेरावांनी भिंतीला खिळ्यानं ठोकलं आणि त्याच्याकडं बघून रोज नव्यानं रागावू लागले.

ज्वारीच का, हे मी एकदा विचारलं. गुंडेरावांनी पेटीतून एक वही काढली. कॉलेजातली, कडा खाल्लेली. उजवीकडून डावीकडं लिहिलेली पानं, आणि एका पानावर आडवी लाल शाई.

"काय लिहिलंय?"

"जवार से नामुमकिन." ते म्हणाले. "आमचे उस्ताद. बडे प्रोफेसर. मी मोड आणलेल्या ज्वारीवर खमीर लावलं होतं. चंबूत काही उठलं न्हाय. एकदा न्हाय उठलं, मास्तर, एकदा. दुसऱ्यांदा करू द्या म्हणलं तर म्हणाले, वेळ न्हाय. लिहिलं नामुमकिन आणि तिसरा वर्ग. जो माणूस कारखान्यात रसायनी व्हायचा तो काचेच्या नळकांड्याची चित्रं तपासतोय. बावीस वर्षं झाली. बियरला लागतो तो जव पिकत न्हाय तिथल्या माणसानं काय करायचं? आपल्याकडं ज्वारी पिकते तर ज्वारीचंच झालं पाहिजे."

मला कळलं की हा माणूस बियर करत नव्हता, बावीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीला उत्तर देत होता.

जिवंत बाटली शेवटी मिळाली ती अशी. उमरग्याजवळ हमरस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं. तिथला इंजिनियर मद्रासकडचा, आणि त्याच्याकडं परदेशी काळ्या बियरच्या बाटल्या येतात, तळाला गाळ असतो, अशी खबर कंडक्टरनं आणली. गुंडेराव रविवारी मला घेऊन तिथं गेले. इंजिनियर तंबूबाहेर खुर्ची टाकून बसला होता, पुढं बाटली. गुंडेरावांनी नमस्कार केला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, साहेब, आरामात प्या, फक्त शेवटचं बोटभर सोडा.

इंजिनियरनं त्यांच्या गंधाकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडावर अशी दया दाटून आली की मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यानं आत हाक मारून एक भरलेली बाटलीच मागवली. "टेक इट, पंडितजी," तो म्हणाला, "यात लाजण्यासारखं काही नाही."

येताना बसमध्ये गुंडेराव पेटले होते. "मला बेवडा समजला तो. मी जिवासाठी गेलो आणि तो मला बाटली देतोय." पण बाटली त्यांनी दोन्ही मांड्यांत धरली होती आणि खड्डा आला की ड्रायव्हरला आवाज देत होते, "सावकाश घे की रे."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर थाप पडली. मी गेलो. गुंडेराव चुलीजवळ उकिडवे बसले होते. बाटलीतल्या गुळाच्या पाण्यावर फेसाचं बारीक कडं धरलं होतं आणि तळातून एकेक बुडबुडा वर येत होता. त्यांनी बाटली माझ्या कानाशी धरली. चुरचुर, अगदी बारीक, जसं पावसाळ्यात भिजलेलं मीठ तव्यावर टाकावं.

"आता मेलीय म्हणा," ते म्हणाले. आजवर मेलीय म्हणत आले होते ते स्वतःच.

त्या दिवसापासून त्या घरात तिसरं माणूस आलं. दर तिसऱ्या दिवशी खमिराला ताजं गुळाचं पाणी. थंडीत चुलीजवळ, उन्हाळ्यात माठाच्या बुडाशी. काकू माहेरी अक्कलकोटला गेल्या तर राव गेले नाहीत, कारण खमिराकडं कोण बघणार. काकू परत आल्या त्या फणकाऱ्यातच. मला म्हणाल्या, "जायच्या आधी मला आठ दिवस ताप होता तर यांनी कपाळाला हात लावून बघितला न्हाय. त्या बाटलीला तासातासाला हात लावतात." मी हे रावांना सांगितलं. त्यांना ते अन्यायाचं वाटलं. "तिला ताप आला तर ती सांगते. खमिराला तोंड कुठाय?"

ज्वारीनं मात्र दीड वर्ष छळलं. मोड आणायचे, वाळवायचे, चोळून मोड काढायचे, दळायचं. पीठ कढत पाण्यात घातलं की त्याची खळ व्हायची, गोडी उतरायची नाही. शेवटी त्यांना युक्ती सापडली. साधं पीठ आधी आंबिलीसारखं पातळ शिजवायचं, बोट सोसेल इतकं निवू द्यायचं आणि मग त्यात मोडाच्या ज्वारीचं पीठ घालायचं. दोन घटकांत घट्ट आंबील पाण्यासारखी सैल झाली, आणि चाखली तर गोड. कडवटपणाला काडेचिराईत. त्यावर खमीर सोडलं आणि दहा दिवसांनी चार सोड्याच्या बाटल्या भरल्या. त्यातली एक शाळेच्या कोठारात फुटली, मुख्याध्यापकांनी त्याला भूकंप समजून शाळा सोडून दिली, पण तीन उरल्या.

चाखायला माणूस हवा होता. राव पिणार नव्हते, काकूंना विचारायची सोय नव्हती. राहिलो मी. पेल्यात ओतली. वर फेस आला. मी घोट घेतला. राव कॉलेजची तीच वही आणि पेन्सिल घेऊन समोर.

"बोला."

"आंबिलीत चिराईत घातल्यासारखं लागतंय."

"पुढं?"

"जिभेला टोचतंय. आणि..." मी थांबलो. "आणि कानाची पाळी गरम झालीय."

गुंडेरावांनी लिहून घेतलं, तारीख घातली आणि मला त्याखाली सही करायला लावली. मग पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ वहीकडं बघत बसले. त्या दिवशी ते कुणावरही रागावले नाहीत. काकूंना काळजी वाटून त्यांनी मला विचारलं, यांनी पण घेतली का थोडी?

एवढ्यात दारूबंदी आली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला होताच, मागून मुंबईचा कायदाही पोचला. महिन्याभरात गल्लीतून कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस जमादार दारात उभा राहिला. माणूस भला. संकोचून बोलला, "राव, तक्रार आलीया. घरात दारू गाळताव म्हनं."

गुंडेराव उसळले. "गाळतो? कोण म्हणलं गाळतो? गाळायला भट्टी लागते, नळी लागते. ही आंबवलीय. लिहिताव तर नीट लिहा."

"गाळा का आंबवा, कायद्याला येकच हाय, राव."

"मग कायदा अडाणी आहे."

मी रावांच्या धोतराचं टोक ओढत होतो. जमादारानं दोन्ही बाटल्या उचलल्या, मागच्या उकिरड्यावर नेल्या आणि ओतल्या. दीड वर्षाचा फेस उकिरड्यावर पसरला आणि एक कोंबडी येऊन त्यात चोच घालून गेली. गुंडेराव दारात उभे होते. मला वाटलं आता काहीतरी भयंकर बोलतील. ते नुसतं म्हणाले, "फेस बघा की, मास्तर. किती टिकलाय."

जमादाराची नजर कोनाड्यातल्या खमिराच्या बाटलीवर गेली. "ह्यात काय?"

"जनावर."

"कसलं?"

"डोळ्याला दिसत न्हाय असलं."

जमादार विचारात पडला. "दिसत न्हाय तर पंचनाम्यात काय लिवू?" आणि डोक्यावरची टोपी सारखी करून गेला. खमीर वाचलं.

पुरावा गेला होता. उरली वही, माझी सही आणि तळाचं खमीर. आठवड्यानं गुंडेराव म्हणाले, "उस्ताद अजून आहेत म्हणं हैदराबादेत. जायचं. तुम्ही चाखणारे, तुम्ही साक्षीला चला. लाल शाईनं लिहिलंय, लाल शाईनंच खोडून घेतो."

उमरग्याहून हैदराबादची बस पकडली. थोडं खमीर एका औषधाच्या शिशीत घेऊन रावांनी ती बंडीच्या आत, पोटाशी बांधली होती. वाटभर ते भाषणाची तयारी करत होते. उर्दूत, पुटपुटत. मधूनच मला मराठीत सांगत, "इथं ते म्हणतील, वेळ नव्हता. मग मी म्हणीन, हजरत, चोवीस वर्षं पुरे झाली का?"

उस्तादांचं घर जुन्या शहरातल्या एका बोळात होतं. दार त्यांच्या सुनेनं उघडलं, आणि कुणी भेटायला आलंय हे ऐकून ती क्षणभर आमच्याकडं बघतच राहिली. आत पलंगावर एक वाळलेला म्हातारा बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पूर्ण पिकलेले. पलंगाच्या एका पायाखाली चार जाड पुस्तकं सरकवली होती. ती त्यांचीच होती, हे मला मागाहून कळलं. जन्मभर बसून त्यांनी शास्त्राचे शब्द उर्दूत घडवले होते. युनिव्हर्सिटी इंग्रजी झाली आणि ती पुस्तकं कुठल्याच वर्गात लागेनाशी झाली.

"कौन?"

"गुंडेराव, हजरत. मुरुम का."

म्हाताऱ्यानं मान आवाजाकडं वळवली. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "जवारवाला."

"जी."

"बैठो, बैठो." त्यांनी पलंग चाचपून जागा केली. मग एकदम ताठ झाले. "तुम्हारी कॉपी पर मैंने जो लिखा था, याद है? मैं आज भी उस पर कायम हूँ. सुनो, बेटा. मेरी किताबें गयीं, मेरे लफ्ज गये. लेकिन मेरी लिखी हुई एक बात आज तक कोई गलत साबित नहीं कर सका."

सून दारातून हळूच म्हणाली की अब्बा हे सगळ्यांना सांगतात. म्हणजे, जेव्हा कुणी येत होतं तेव्हा.

गुंडेरावांचा हात पिशवीत होता. वहीवर. मी साक्षीला तयार होऊन पुढं सरकलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. हात पिशवीतून बाहेर आला, रिकामा.

"जी, हजरत," ते म्हणाले. "मैंने बाद में भी करके देखा. नहीं होता."

"देखा," म्हातारा म्हणाला आणि समाधानानं भिंतीला टेकला.

मला इतका राग आला होता की पुढचा थोडा वेळ मी काय ऐकलं ते सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा रावांनी शिशी काढून उस्तादांच्या हातात दिली होती. म्हाताऱ्यानं ती हुंगली, बोटांनी चाचपली. "जिंदा है?" "जी, पौने दो बरस से." "कहाँ से निकाला?" आणि गुंडेराव सांगू लागले. मेलेल्या बाटल्या, कंपनीचं कार्ड, पुलावरचा इंजिनियर, चुलीजवळचा कोनाडा. म्हातारा मधे अडवून विचारी, गूळ किती, आच किती. दोघं बोलत होते ते निम्मं मला कळत नव्हतं. ते शास्त्राचं उर्दू होतं, पाठ्यपुस्तकातलं. दोन तास. सुनेनं तीनदा चहा आणला. पाच वर्षांच्या शेजारात मी गुंडेरावांना सलग दोन तास कुणावरही न रागावता बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी ते शास्त्राचं बोलायचे तेव्हा प्रत्येक शब्दाआधी अडखळायचे, मनात उर्दूचा उलथा करून मग मराठीत आणायचे, हेही मला तेव्हाच ध्यानात आलं. इथं ते अडखळत नव्हते.

निघताना शिशी तिथंच राहिली. उस्तादांनी सोडलीच नाही, आणि रावांनी मागितली नाही.

परतीच्या बसमध्ये मी फुटलो. "मी कशाला आलो मग? सही केली, रजा काढली. तुम्ही खरं होतात आणि खोटं बोलून आलात."

गुंडेराव खिडकीबाहेर बघत होते. "मी केलं, तुम्ही चाखलं," ते म्हणाले. "दोघांना माहीत आहे. बास की."

त्यानंतर महिन्याला एक कार्ड येऊ लागलं. उस्ताद सांगत, सून लिही. खमीर बरं आहे. खमिरानं बूच उडवलं. राव ते वाचून भडकत, "गूळ जास्त घालायलेत, ऐकतच न्हायत," आणि लगेच उत्तर लिहायला बसत. उत्तर चार पानांच्या खाली नसे.

वर्ष-दीड वर्षानं एक कार्ड आलं, ते सुनेनं आपल्याच मनानं लिहिलेलं. उस्ताद गेले होते. गुंडेरावांनी ते मला वाचून दाखवलं नाही. दुपारी शाळा सुटल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि न सांगता बसले. नेहमी ते आले की आधी कुणावर तरी रागावत. त्या दिवशी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही उर्दू शिकताव का?"

"मी? या वयात?"

"रोज अर्धा घंटा. जास्त न्हाय. मी शिकवतो." आणि मग जमिनीकडं बघत, "न्हायतर मी आता बोलू कुणाशी?"

मी दुसऱ्या दिवशी कोठारातून एक पाटी घेतली. पहिला धडा अलिफ. अलिफ म्हणजे नुसती उभी रेघ, पण माझी वाकडी आली. तीन वेळा वाकडी आली. मी मान खाली घालून रागाची वाट बघत राहिलो. गुंडेरावांनी पाटी ओढून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझा हात धरून सावकाश वरून खाली आणला.